डॉजची खटखट

कोंडीरामची मोटार चिखलीत आली ती बैलांनी ओढत. मोशीच्या सोपानरावाच्या वीटभट्टीवरून निघताना दोन बैलजोड्या जुंपल्या होत्या, मागून चार माणसं रेटत होती, आणि स्टिअरिंग धरून कोंडीराम असा ताठ बसला होता की बघणाऱ्याला वाटावं, पुण्याहून कलेक्टरलाच घेऊन येतोय. गाडी सत्तेचाळीस सालची डॉज. पुढं दोन माणसांची केबिन, मागं उघडा हौदा. नऊ वर्षं ती भट्टीवरच्या बाभळीखाली उभी होती आणि तेवढ्या काळात तिच्या सीटवर कोंबड्यांच्या किती पिढ्या उबल्या ते सोपानरावालाही सांगता आलं नसतं. त्याच्या विहिरीवरचं इंजिन कोंडीरामनं दोन उन्हाळे चालतं ठेवलं होतं. त्या बदल्यात "ने बाबा ती ब्याद," म्हणून त्यानं ही डॉज दिली आणि पोचवायला वर बैलही दिले.

एकाहत्तर सालचा जानेवारी होता. इंद्रायणीकडून आलेलं धुकं दहा वाजले तरी हरभऱ्यावरून हललं नव्हतं. वस्तीच्या टोकाला, विहाराच्या पत्र्याच्या खोलीमागं कोंडीरामचं घर. तिथं चिंचेखाली गाडी लावली तेव्हा अर्धं गाव गोळा झालं होतं.

"कस्तुरा," शेजारची सुभद्राबाई ओरडली, "नवरदेव वरातीतनं आला गं! आता ववाळ की त्याला!"

लोक हसले. कोंडीरामची बायको कस्तुराही हसली, कारण न हसून करते काय. तेवढ्यात मागून एकानं विचारलं, "कोंडीराम, हिला कडबा घालायचा का पेंड?" कोंडीरामनं वळूनसुद्धा बघितलं नाही. तो बॉनेट उचलण्यात गुंतला होता.

"बघितलंस? बोलत बी न्हाई आता. मोटारवाला झाला न्हवं," तो माणूस म्हणाला. "माजलाय."

कोंडीराम माजला नव्हता. त्याला ऐकू येत नव्हतं.

चिंचवडच्या एका कंपनीत दहा वर्षं तो प्रेसवर होता. पत्र्याला आकार देणारी जड डाय आपटायची, दिवसातून हजारो वेळा, आणि कानात कापसाचे बोळे घालणाऱ्याला बाकीचे चिडवायचे. आवाज त्याच्यातून एकदम गेले नाहीत, एकेक करून गेले. आधी चिमण्या गेल्या. मग सायकलची घंटी. मग कस्तुराच्या बांगड्या. शेवटी माणसं गेली. समोर उभं राहून सावकाश बोललं तर ओठांवरून त्याला कळायचं. बाकी सगळं जग पाण्याखाली असल्यासारखं चालायचं. कंपनीचा भोंगा त्याला शेडवरच्या कबुतरांवरून समजायचा. कबुतरं एकदम उडाली की शिफ्ट सुटली. खरं सांगायचं तर हे त्याला कधीकधी आवडायचंही. संध्याकाळी सायकलवरून येताना ट्रक, माणसं, धुराडी, सगळं आपलं गुपचूप सरकत राहायचं, आणि झोपेत चालल्यासारखा तो घरी यायचा.

कंपनीच्या डॉक्टरनं कान तपासले आणि त्याला प्रेसवरून काढून झाडू दिला. पत्र्याची कातरणं गोळा करायची. पगार तोच, खाकी कपडे तेच, पण डाय बसवणाऱ्या हातात झाडू. सुपरवायझरला त्याला बोलवायचं असलं की तो खिशातून एक लोखंडी वायसर काढून त्याच्या पाठीवर नेम धरून मारायचा. लागायचा नाही फारसा. वळून बघितलं की सगळी लाइन दात काढत असायची. कोंडीरामही हसायचा, वायसर उचलायचा आणि साहेबाला नेऊन द्यायचा.

हे त्यानं कस्तुराला एकदाच सांगितलं आणि गावात कुणाला कळू देणार नाहीस अशी शपथ घातली. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा माजोरी म्हणवून घेणं त्याला सोपं वाटत होतं. माणसं अशी असतात, आपण काय करणार. ही गाडी चालती करायची, तिच्यावर कायमचं काम मिळवायचं आणि तो झाडू ठेवून द्यायचा, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. लायसन होतं. देहूरोडच्या डेपोत हंगामी हेल्पर असताना काढलेलं, ट्रंकेत कापडात गुंडाळून ठेवलेलं.

कंपनीला सुट्टी गुरुवारी. पण गाडीचं काम रोजचंच झालं. इंजिन घट्ट गंजून बसलं होतं. कोंडीरामनं सहाही प्लग काढून आत रॉकेल आणि गोडं तेल ओतलं आणि मुरत ठेवलं. रोज कामावरून आला की चहाआधी तो पुढून हँडल घालायचा, हलकेच जोर द्यायचा आणि परत काढून ठेवायचा. ओढाताण केली नाही. सोळाव्या दिवशी हँडल बोटभर सरकलं. कस्तुरा अंगणात तांदूळ निवडत होती. तो धावत तिच्याकडं आला आणि स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळं सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असा ओरडला, "सरकलं गं!"

कस्तुराचे हातही त्यात आलेच. दिवसभर दुसऱ्याच्या रानात कांदा खुरपून आली की ती चिंचेचा कोळ आणि विटेची भुकटी घेऊन गंज घासायला बसायची. मडगार्डांखाली उताणं पडून घासताना गंज डोळ्यांत पडायचा. बोटांची टोकं फुटली, त्यात कोळ झोंबायचा. सीटच्या पोटातून कोंबडीची पिसं, काड्या आणि सापाची एक अख्खी कात निघाली. तिथं तिनं काथ्या भरला आणि वरून जुनी वाकळ शिवली. हौद्याचे पोचे कोंडीरामनं लाकडी मोगरीनं आतून ठोकून काढले. सांध्यांत बसवायची गॅस्केटं कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची, तेलात भिजवलेली. रेडिएटर थेंबथेंब गळत होता. त्यात त्यानं ओंजळभर हळद टाकायला सांगितली.

"भाजी करताय का काय?" कस्तुरा म्हणाली, पण डबा घेऊन आली. हळद आत फुगून बसली आणि गळती थांबली. त्यानंतर गाडी तापली की तिच्या नाकाडातून हळदीचा वास यायचा. आम्ही आजूबाजूची माणसं, आमच्याही नाकात तो बसला.

गुरुवारी दुपारी दोघं केबिनमध्ये बसून भाकरी खायची. काचेवर चिंचेचा पाला पडत राहायचा. कोंडीराम जेवून झालं की स्टिअरिंगवर हात ठेवायचा, क्लच दाबायचा, गिअर टाकायचा. इंजिन बंद. "आळंदी मागं पडली," तो म्हणायचा. कस्तुरा बाहेर बघायची. बांधावरचे बगळे हळूच उडायचे, ऊन हलायचं, आणि खरंच आपण कुठंतरी चाललोय असं तिला वाटायला लागायचं.

"मारुंजीवरनं घ्या," ती त्याच्या हाताला हात लावून, ओठ दिसतील असं म्हणायची. "लेकीला बघून जाऊ."

"घेतली," म्हणून तो डावीकडं चाक वळवायचा. अर्धा तास दोघं अशी हिंडायची. त्या घरात इतकं सुख फार दिवसांनी आलं होतं.

फेब्रुवारीत दौलतराव आला. चिंचवडच्या एका मोठ्या कंपनीच्या कॅन्टीनला भाजी पुरवायचं काम त्याच्याकडं होतं. चिखली, मोशी, तळवड्याची भाजी पहाटे गोळा करून सातच्या आत कंपनीत पोचवायची. बैलगाडीनं उशीर होत होता. पांढरं धोतर सावरत तो डॉजभोवती फिरला, टायरला चपलेनं टोचून बघितलं.

"पाडव्यापर्यंत चालती झाली तर काम तुझं," तो म्हणाला. "पन एक सांगतो. कंपनीच्या गेटातनं आत जायचं आसतंय. साहेब लोक बघत्यात. खटारा खडखडत नेलेला मला चालायचा न्हाई."

कोंडीराम त्याच्या तोंडाकडं बघत होता, पण दौलतरावाच्या मिशा एवढ्या होत्या की ओठ त्यांच्यातच हरवले होते. कस्तुरा मागून पुढं आली. "व्हय म्हनत्यात त्ये," तिनं सांगितलं. "आवाज येनार न्हाई गाडीचा. पाडव्याला आनून दावतो."

दौलतराव गेल्यावर तिनं नवऱ्याला सगळं समजावलं. काम मिळणार म्हटल्यावर कोंडीरामचा चेहरा उजळला आणि आवाजाचं ऐकल्यावर उतरला. ज्याला ऐकू येत नाही त्याला आवाजाची धास्ती जास्त. गाडी वाजली तर सगळ्यांना कळणार, आणि त्याला एकट्याला नाही.

इंजिन पहिल्यांदा लागलं ते मार्चच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी. एक्झॉस्टमधून आधी काड्या उडाल्या, मग निळा धूर, मग दोनचार पिसं. सुभद्राबाई कुंपणापलीकडून "आगं बया!" म्हणून आत पळाली. बॉनेट थरथरत होतं. कोंडीरामनं एक लोखंडी सळई घेतली, तिचं एक टोक इंजिनाच्या अंगाला टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं. दातांतून, जबड्यातून, कवटीच्या हाडातून ती गरगर त्याच्या डोक्यात शिरली. तीन वर्षांनी कसला तरी आवाज त्याच्या आत आला होता. तो डोळे मिटून वाकून उभा राहिला आणि सळईवरून लाळ गळतेय याचंही त्याला भान राहिलं नाही. कस्तुरानं पदरानं त्याचं तोंड पुसलं. मग स्वतःचे डोळे पुसले.

पण सळईतून नुसती गरगर कळायची. बारीक आवाज कळायचा नाही.

"कसं वाजतंय?" त्यानं विचारलं.

कस्तुरा इंजिनाजवळ वाकली. आवाजातलं तिला एकच शास्त्र येत होतं, आणि ते जात्याचं. गावात पिठाची गिरणी आली तरी ती पहाटे जात्यावरच दळायची. जातं सुरात फिरलं की पीठ मऊ. खडखडलं की दगड दगडाला लागला, पिठात कच येणार. लहानपणापासून तिच्या कानाला हे पक्कं ठाऊक होतं की चांगल्या गोष्टीचा सूर लागतो आणि बिघडलेली गोष्ट वाजते.

"खटखट करतंय," ती म्हणाली. "आतनं कुनी दार वाजवल्यावानी. हितं. आन् हितं."

ती बोट ठेवत होती तिथं टॅपेट होते. इंजिनाच्या कुशीत रांगेनं उभे असलेले बारा छोटे दांडे, बारा व्हॉल्व्हना खालून उचलणारे. दांडा आणि व्हॉल्व्ह यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट ठेवतात. फटीत कार्ड घालून कोंडीरामनं बाराही बसवले होते. त्यानं परत मोजलं. बरोबर होतं. इंजिन चालू केलं.

"आता?"

"वाजतंय की आजून."

त्याला वाटलं, कार्ड जुनं झालंय, दबलंय. त्यानं फट कमी केली आणि कार्डाऐवजी दाढीचं पातं घातलं. "आता?" कस्तुरानं कान दिला. "कमी झालं. पन हाय." दुपार झाली, तो घामानं निथळत होता, गरम इंजिनाला हात लागून मनगट दोनदा पोळलं. शेवटी त्यानं पातंही ठेवून दिलं आणि स्क्रू फिरवत फिरवत फट पार मिटवून टाकली.

"आता?"

कस्तुरा बराच वेळ वाकून ऐकत राहिली. मग ती हसली. हसली तसा तिच्या गालावरचा गंजाचा डाग हलला. "गप झालं," ती म्हणाली. "येकदम गप."

पुढचे आठ दिवस त्या दोघांच्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर दिवस असावेत. डॉज आली की कळायची नाही. रोज संध्याकाळी नदीच्या रस्त्यानं ती हळूच जायची. शाळेचे मास्तर एकदा दचकून बांधावर चढले. सुभद्राबाई म्हणाली, "मांजराच्या पावलानं येती की गं तुझी सवत." कस्तुराला एवढा अभिमान वाटत होता की खुरपताना ती वाकायची कमी आणि बोलायची जास्त. ही शांतता आपल्या कानानं आणली, असं तिच्या मनात होतं, आणि ते खरंही होतं.

गुरुवारी कोंडीरामनं गाडी मोशीला न्यायची ठरवलं, सोपानरावाला दाखवायला. मागं हौद्यात वस्तीतली दहाबारा माणसं चढली. केबिनमध्ये कस्तुरा नवं लुगडं नेसून. जाताना ठीक गेली. सोपानरावानं गूळपाणी दिलं, गाडीच्या अंगावरून हात फिरवला. परत येताना ओढ्याच्या चढावर गाडीचा जीव कमी झाला. पाय दाबला तरी ती ओढेना. मग समोरून फुस्स फुस्स करायला लागली, दोनदा खोकली आणि चढाच्या मध्यावर बंद पडली. कोंडीरामनं हँडल मारलं. हँडल अंगात जोर नसल्यासारखं गरगर फिरलं.

माणसं उतरली. थोडा वेळ थांबली, मग एकेक करून चालू लागली. जाताना कुणी फार बोललं नाही, आणि तेच वाईट होतं. सोपानरावाकडून परत तेच बैल आले. या वेळी कोंडीराम स्टिअरिंगवर ताठ बसला नव्हता. कस्तुरा नवं लुगडं वर खोचून मागून रेटत होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीत खाडा केला आणि इंजिनाचं डोकं उतरवलं. बारापैकी दोन व्हॉल्व्ह जळाले होते. भाकरीची कड करपावी तशी त्यांची कड खाल्ली गेली होती. ते हातात घेऊन तो बसून राहिला.

"काय झालं?" कस्तुरानं समोर येऊन विचारलं.

"तू म्हनलीस वाजतंय," तो म्हणाला, आणि त्यानं पाठ फिरवली.

बहिऱ्या माणसाचा राग वाईट. तो पाठ फिरवतो आणि मग त्याच्याशी भांडताही येत नाही. ती संध्याकाळ आणि दुसरी सकाळ त्यानं कस्तुराकडं बघितलं नाही. ती मागं उभी राहून बोलली, रडली, एकदा चिडून तिनं पितळेचं ताट आपटलं. ताट वाजलं ते फक्त तिच्याचसाठी. पाडवा सहा दिवसांवर आला होता.

शेवटी तो चिंचेखाली बसला होता तिथं ती गेली, त्याच्या पुढ्यात मांडी घालून बसली आणि त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"वाजतच हुतं," ती सावकाश म्हणाली. "खोटं न्हाई सांगितलं म्या. जात्यात वाजलं म्हंजी बिघाड. मला तेवढंच येतंय. हितलं तुमी शिकवलं का मला?"

कोंडीराम तिच्या ओठांकडं बघत राहिला. मग त्यानं दोन्ही हात उचलले, एक मूठ खाली, एक वर, मध्ये थोडी फट. "लोखंड तापलं की वाढतंय," तो म्हणाला. "वाढायला जागा ठिवावी लागती. जागा ठिवली की थोडं वाजनारच. म्या जागाच ठिवली न्हाई. व्हॉल्व्ह उघडाच राह्यला आन् जाळ लागून करपला."

"मग तुमाला हे ठावं हुतं?"

तो पुटपुटला, इतकं हळू की तिला पुढं वाकावं लागलं. "ठावं हुतं. पोस्टकार्ड ठावं हुतं. पन तू वाजतंय म्हनलीस की भ्या वाटायचं. लोकं आयकतील. हसतील. मला कळनार बी न्हाई ती कशाला हसत्यात." त्यानं जळके व्हॉल्व्ह तिच्या पदरात टाकले. "तुझी चूक न्हाई. माझ्या भ्यानं जाळलं ह्ये."

कस्तुराला त्या क्षणी त्याचा फार राग आला आणि फार कळवळाही आला. दोन्ही एकदमच आलं, म्हणून तिनं उठून चहा ठेवला.

रविवारी दुसऱ्या शिफ्टला जाण्याआधी कोंडीरामनं सकाळीच पुण्याचा जुना बाजार गाठला आणि भंगारात हुडकून दोन व्हॉल्व्ह आणले. पण दुसऱ्या इंजिनात झिजलेला व्हॉल्व्ह या घरात बसत नाही. तो घासून बसवावा लागतो. व्हॉल्व्हच्या कडेला बारीक वाळूचा मलम लावायचा, तो त्याच्या जागेवर ठेवायचा, आणि वरून काठी धरून दोन्ही तळव्यांनी घुसळायचं, इकडून तिकडं, तिकडून इकडं. कुठंही जास्त घासलं तर जागा खराब. कोंडीरामनं सुरुवात केली. पण मलम कापतोय की नुसताच फिरतोय, हे आवाजावरून कळतं, आणि तो आवाज उंदराच्या कुरतडण्याएवढा बारीक.

कस्तुरा शेजारी बसून बघत होती. "थांबा," ती म्हणाली. "सरका."

तिनं काठी घेतली. चार वेळा फिरवली आणि तिच्या खांद्यांना, मनगटांना ओळख पटली. हे दळणच होतं. आधी करकर येते, कच्चं धान्य भरडल्यासारखी. मग ती बारीक होत जाते. मग नुसती घसर. घसर आली की उचलायचं, पुसायचं, नवा मलम. तिला कुणी शिकवलं नाही. ती मधेच थांबून सांगायची, "ह्या बाजूला आजून टेकलं न्हाई," आणि कोंडीराम पुसून बघायचा तर तिथं खरंच काळा डाग शिल्लक असायचा. त्यानं दोनच सांगितले होते. तिनं बाराही घासले. कांद्याच्या कामाला चार दिवस गेली नाही. तळवे लाल झाले, मग फोड आले, मग फुटले. गुरुवारी संध्याकाळी त्यानं व्हॉल्व्हवर रॉकेल ओतलं. एक थेंबही खाली उतरला नाही. कोंडीरामनं तिचे दोन्ही हात उलटे करून बघितले आणि त्यावर खोबरेल लावलं. सुभद्राबाई कुंपणातून बघत होती, तिनं पदर तोंडाला लावला आणि पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही.

टॅपेट परत बसवले. नवं कोरं पोस्टकार्ड, बाराही ठिकाणी. इंजिन लागलं. कस्तुरानं ऐकलं. खटखट होतीच.

"वाजतंय," ती म्हणाली, आणि तिनं स्क्रू ड्रायव्हर उचलून डब्यात टाकला.

पाडव्याला सकाळी दोघं दौलतरावाच्या दारात गाडी घेऊन गेली. दौलतरावानं गुढी उभारली होती, तो टिळा लावून बाहेर आला. पाचसहा माणसं जमली. त्यानं गाडीभोवती चक्कर मारली. हौदा हलवून बघितला. बॉनेटशी आल्यावर त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाकी झ्याक हाय," तो म्हणाला. "पन ह्ये काय? खटखट वाजतीया. म्या सांगितलं हुतं का न्हवतं?"

कोंडीराम मिशांकडं बघत होता. शब्द कळले नाहीत तरी आठ्या कळल्या. कस्तुरा सवयीनं पुढं झाली, "त्ये म्हनत्यात…" म्हणून सुरुवातही केली. कोंडीरामनं तिचं मनगट धरून तिला थांबवलं. पहिल्यांदाच. तिला कळलं तो काय करणार आहे.

"मालक," कोंडीराम म्हणाला. आवाज चढला की उतरला ते त्याला कळत नव्हतं, तो चढलेलाच होता. "तुमी काय म्हनलात ते मला आयकू आलं न्हाई. मला आयकूच येत न्हाई. तीन वर्सं झाली. प्रेसनं कान गेलं माझं. कंपनीत झाडू मारतो मी. गाडी वाजती म्हनत असाल तर वाजू द्या. वाजती म्हंजी ती धड हाय. मागच्या येळंला गप केली हुती, ती चढावर मेली."

कोंडीराम माजलाय म्हणणारा तिथंच होता, त्यानं खाली बघितलं.

दौलतराव मिशी ओढत कस्तुराकडं वळला. "मग बाई, मागनं ट्रक आला, हॉर्न दिला, तर ह्याला कळनार कसं? मानसं मारायची हायेत का मला?"

"मी बसते संगं," कस्तुरा म्हणाली. हे तिनं आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं आणि मग तिला ते खरं वाटलं.

"भाजीच्या गाडीवर बाई?"

"भाजी लावाया बाई, खुरपाया बाई, खुडाया बाई, जुड्या बांधाया बाई," कस्तुरा म्हणाली. "गाडीत बसली की बाटंल व्हय भाजी?"

कुणीतरी हसलं. दौलतरावाला हसू आवरलं नाही, ते त्यानं मिशीत लपवलं. "आठ दिस बघतो," तो म्हणाला. "आठ दिसांनी सांगतो." एवढं बोलून तो आत गेला. कोंडीरामनं कस्तुराकडं बघितलं. तिनं आठ बोटं दाखवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तळवड्याची मेथी, मोशीचा कोबी आणि चिखलीचा कांदा भरून डॉज निघाली. तांबडं फुटत होतं. मेथीच्या दवाचा वास, हळदीचा वास. कस्तुरा उजवीकडं नवऱ्याकडं थोडी वळून बसली होती, आणि ठरलं होतं ते असं की मागं हॉर्न वाजला की तिनं त्याच्या दंडाला एकदा दाबायचं. दोन मोठे ट्रक तिनं असे पुढं जाऊ दिले. कोंडीरामनं मान डोलावली आणि गाडी कडेला घेतली. जग त्याच्या दोन्ही बाजूंनी गुपचूप मागं जात होतं आणि आज पहिल्यांदा त्याला त्याची भीती वाटत नव्हती.

चिंचवडच्या रेल्वे फाटकाशी येईतो फाटक पडलं. गाडी थांबली. इंजिन मंद चालत होतं. मागं गाड्या येऊन उभ्या राहू लागल्या. कोंडीराम समोर बघत होता. त्यानं एकदा हात बॉनेटच्या दिशेनं उचलला आणि परत स्टिअरिंगवर ठेवला. ऐकायची सळई घरी राहिली होती.

कस्तुराला ते दिसलं. तिनं क्षणभर कान दिला. सगळ्या गरगरीतून एक टॅपेट जरा मोठ्यानं बोलत होता. तिनं त्याच्या हाताची बाही वर केली आणि नागड्या दंडावर बोटानं ठोका धरला. टक टक टक टक. इंजिन जेवढं तेवढाच, ना मागं ना पुढं. फुटलेल्या बोटाचं टोक हुळहुळत होतं, पण तिनं ठोका सोडला नाही.

कोंडीराम हलला नाही. समोरून आगगाडी गेली, तिचे डबे त्याच्या डोळ्यांतून सरकत गेले. मग त्याच्या तोंडावर हळूहळू काहीतरी पसरलं, आणि तो म्हणाला, "योक ढिला हाय."

"व्हय," कस्तुरा म्हणाली.

"गुरवारी बघू."

"बघू."

फाटक उघडलं. मागं हॉर्न सुरू झाले, आधी एक, मग चार, मग रांगच्या रांग. ते त्याला सांगायचं, एवढ्याचसाठी ती त्या गाडीत होती. कस्तुरानं सांगितलं नाही. कोंडीराम डोळे मिटून ऐकत बसला होता, आणि तिचं बोट त्याच्या दंडावर ठोका देत राहिलं.